कलम की मांडव?

तासगावच्या द्राक्षपट्ट्यातल्या मुलांना ‘कलम’ हा शब्द शिकवावा लागत नाही. डॉगरिजचा खुंट आधी रुजवायचा, मग त्यावर थॉम्पसनची किंवा याच भागात निवडलेल्या तास-ए-गणेशची काडी पाचर देऊन बसवायची, हे त्यांनी घरी पाहिलेले असते. खुंटही जिवंत, काडीही जिवंत. दोहोंच्या सालीखालचे वाढते थर एकमेकांना जुळले, की कलम धरले. म्हणूनच कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतरच्या पुनर्रचनेविषयी लिहिताना कोणी ‘त्वचेचे कलम लावून नवा स्तन’ असे लिहिले, की आम्हांला थांबावेसे वाटते. शब्द सोपा आहे, ओळखीचा आहे, पण एका महत्त्वाच्या ठिकाणी तो फसवा आहे. चुकीच्या उपमेतून चुकीची अपेक्षा निर्माण होते आणि तिची किंमत लेखकाला नव्हे, रुग्णाला मोजावी लागते.

आधी वस्तू पाहू. स्तनाची पुनर्रचना मुख्यतः दोन मार्गांनी करतात. एकात पाठीचे किंवा पोटाचे स्वतःचेच ऊतक वापरतात. पाठीचे ऊतक आपल्या रक्तवाहिन्यांसह वळवून छातीवर आणतात, हे आंब्याच्या भेटकलमासारखे आहे. पोषण तुटत नाही. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने घडवल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली होती. तेथेही कपाळाची कातडी एका बाजूने जोडलेली ठेवूनच खाली वळवली होती.

दुसऱ्या मार्गात सिलिकोनची पिशवी बसवतात. तिला खालून आधार देण्यासाठी कधीकधी एक खास पदार्थ वापरतात. त्याचे नाव ‘अ‍ॅसेल्युलर डर्मल मॅट्रिक्स’, म्हणजे पेशी काढून टाकलेली अंतस्त्वचा. दान केलेल्या मानवी त्वचेतून, डुकराच्या किंवा वासराच्या त्वचेतून सर्व पेशी धुऊन काढतात. मागे उरते ते कोलॅजेन तंतूंचे जाळे. पेशी नसल्याने शरीर ते परके म्हणून सहसा झिडकारत नाही. रुग्णाच्या रक्तवाहिन्या आणि पेशी हळूहळू त्या जाळ्यात शिरतात. हे कलम नव्हे. हा मांडव आहे. मांडव स्वतः वाढत नाही, वेल त्यावर चढावा लागतो. कडेचे ऊतक निरोगी नसेल, किरणोपचाराने किंवा धूम्रपानाने रक्तपुरवठा कमी झालेला असेल, तर मांडव रिकामाच राहतो, आणि रिकाम्या मांडवात जंतूंना आसरा मिळतो. ही एक उपमा बदलली तरी ‘लावले की धरले’ हा भ्रम दूर होतो.

आता लेखनातल्या दुसऱ्या दोषाकडे वळू. ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ असे आपण लिहितो, पण यश कोणी, कशाने मोजले हे सांगत नाही. याबाबत नेदरलँड्समधील आठ रुग्णालयांत झालेली एक चाचणी शिक्षकांनी अवश्य अभ्यासावी. तिचा अहवाल २०१७ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. स्त्रियांचे चिठ्ठीपद्धतीने दोन गट केले. एका गटात डुकराच्या त्वचेपासून केलेले जाळे वापरून एकाच टप्प्यात कायमची पिशवी बसवली. दुसऱ्यात जाळ्याशिवाय, नेहमीप्रमाणे दोन टप्प्यांत. अपेक्षा अशी, की एका टप्प्यात काम झाले तर स्त्रीचा त्रास वाचेल.

घडले उलटे. पहिल्या गटात ५९ पैकी २७ स्त्रियांना, म्हणजे ४६ टक्क्यांना, शस्त्रक्रियेतून गुंतागुंत झाली. दुसऱ्या गटात ६२ पैकी ११ जणींना, म्हणजे १८ टक्क्यांना. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण ३७ आणि १५ टक्के. पिशवी, जाळे किंवा दोन्ही काढावे लागण्याचे प्रमाण, स्तनांच्या संख्येवर मोजले असता, २६ आणि ५ टक्के. ‘एकच शस्त्रक्रिया’ हे आश्वासन अनेकींच्या बाबतीत खरे ठरले नाही.

परंतु येथेही घाईने निकाल देऊ नये. या चाचणीत दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: जाळे आणि टप्प्यांची संख्या. दोष जाळ्याचा, की ताज्या जखमेवर एकदम पूर्ण पिशवीचा ताण देण्याचा, हे तिच्यावरून वेगळे काढता येत नाही. वर्गात ‘एका वेळी एकच घटक बदला’ असे आपण शिकवतो. रुग्णांवरील चाचणीत ते नेहमी साधत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. शिवाय डच रुग्णालयांतली टक्केवारी उचलून मिरजेच्या किंवा मुंबईच्या रुग्णांवर चिकटवणेही योग्य नाही. सर्व जाळी सारखी नसतात हेही ध्यानात घ्यावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२१ मध्ये जाहीर केले, की अशा काही उत्पादनांत गुंतागुंतीचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक दिसते, आणि स्तन-पुनर्रचनेसाठी म्हणून आपण यांतील एकालाही तोवर मान्यता दिलेली नाही.

त्याच डच स्त्रियांना नंतर प्रश्नावली देऊन त्यांचे समाधान विचारले, तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे जाळ्याचा जो लाभ अपेक्षित होता तोही दिसला नाही. मात्र सरासरी सारखी आली म्हणून अनुभव सारखे होत नाहीत. जिची पिशवी काढावी लागली तिचे दुःख सरासरीत विरघळून जाते.

तेथे आकड्यांना दुसऱ्या प्रकारच्या लेखनाची जोड लागते. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड हिचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ हे पुस्तक १९८० सालचे, म्हणजे ही जाळी येण्यापूर्वीचे. स्तन काढल्यानंतर काही दिवसांतच तिला कोकराच्या लोकरीची गादी देण्यात आली. ती न लावता ती शल्यचिकित्सकाच्या दवाखान्यात गेली, तेव्हा परिचारिकेने सुचवले, की असे आल्याने तेथील इतरांचे मनोधैर्य खचते. लॉर्डचा प्रश्न असा: मोशे दायानच्या डोळ्यावरची पट्टी पाहून त्याला कोणी काचेचा डोळा बसवायला सांगत नाही, मग स्त्रीलाच का? या प्रश्नाला कोणत्याही प्रश्नावलीत रकाना नाही, हे त्या पुस्तकाचे बळ आहे. त्याची मर्यादा अशी, की झाकण्यामागे लॉर्डला बहुधा समाजाचा दबावच दिसतो. तासगावच्या एसटीत किंवा बेदाण्याच्या शेडवर चारचौघींत वावरताना एखादीला ब्लाउजमध्ये कापसाची गादी हवीशी वाटली, तर ती फसवणूक नव्हे. तो तिचा निर्णय आहे. पुनर्रचना न करणे, हाही तितकाच पूर्ण निर्णय आहे.

निर्णयासाठी माहिती मात्र पुरी हवी. जाळे कशापासून केले आहे, माणसाच्या, डुकराच्या की वासराच्या त्वचेपासून? त्याने नेमका कोणता लाभ होतो? काढावे लागले तर पुढे काय? आपल्याकडे पहिला प्रश्न श्रद्धेचाही आहे, म्हणून तो टाळणे अधिकच अयोग्य. जे लेखन या तीन प्रश्नांची उत्तरे न देता ‘नवा स्तन’ एवढेच सांगते, ते विज्ञानप्रसार नव्हे, जाहिरात होय.

नववी-दहावीच्या वर्गात वरचे आकडे फळ्यावर मांडून मुलामुलींना विचारावे: यावरून काय म्हणता येते, आणि काय म्हणता येत नाही? त्या वर्गातल्या कोणाची तरी आई किंवा मावशी या आजारातून गेलेली असू शकते. तिच्याविषयी बोलताना संकोच न करता आणि अतिशयोक्तीही न करता बोलता यावे, इतके जरी साधले तरी आपले शिकवणे कामी आले असे आम्ही समजू.