अल्कासर-किबीरचा पराभव : दोन ग्रंथांची साक्ष

इ. स. १५७८ च्या ४ ऑगस्ट रोजीं मोरोक्कोंतील अल्कासर-किबीर येथें पोर्तुगालच्या सैन्याचा संहार होऊन २४ वर्षांचा राजा सेबास्तियांव रणांत पडला. त्याच्यामागून गादीवर आलेला चुलत आजोबा कार्डिनल हेन्रिक १५८० च्या जानेवारींत निपुत्रिक वारला, व त्याच वर्षीं स्पेनच्या दुसऱ्या फिलिपनें तें राज्य घेतलें.

या अनर्थाविषयीं दोन ग्रंथ परस्परविरुद्ध बोलतात. जेनोव्हाच्या कोनेस्ताज्योचें इटालियन पुस्तक १५८५ चें. पोर्तुगाल व कॅस्टिल यांचें एकीकरण हा त्याचा विषय. पराभव ही केवळ प्रस्तावना. राजाच्या अविचारावर व सरदारांवर तो सढळ हातानें दोष ठेवतो. मेंदोंसा स्वतः त्या लढाईंत कैद झालेला. त्याचा १६०७ चा ग्रंथ कोनेस्ताज्योच्या खंडनार्थच लिहिला आहे.

मेंदोंसा प्रत्यक्षदर्शी, म्हणून तोच प्रमाण, हा पूर्वपक्ष सहज सुचतो. परंतु तो टिकत नाहीं. प्रत्यक्ष हें दृष्टि पोंचेल तेथवरच प्रमाण. बंदिवासाच्या हकीकतींत मेंदोंसा अग्रगण्य होय. पराभवाच्या कारणांविषयीं तो स्वजनांचा वकील आहे. उलट कोनेस्ताज्योचीं जीं विधानें खंडनास बसलेल्या या प्रतिपक्ष्यानेंही नाकारलीं नाहींत, तीं उभयमान्य समजण्यास हरकत नाहीं.

हाच निकष राजाच्या मृत्यूस लावावा. प्रेताची ओळख कैदेंतील पोर्तुगीज सरदारांनीं पटविली. तें १५७८ अखेर सेउता येथें आलें व १५८२ त फिलिपनें बेलेंच्या मठांत आणविलें. तरी १५८४ ते १६०३ या काळांत चार तोतये निघाले. त्यांपैकीं माद्रिगालचा मिठाईवाला १५९५ त फांशीं गेला. व्हेनिसमध्यें १५९८ त प्रकटलेल्या कालाब्रियाच्या इसमास १६०३ त देहांत शासन झालें. थडग्यावरील लॅटिन लेखांतही ‘वार्ता खरी असल्यास’ अशा अर्थाची पुस्ती आहे! फिलिपचा स्वार्थ दाखवून प्रेताविषयीं संशय घेणारांनीं कालक्रम पाहिला नाहीं. ओळख पटली तेव्हां पोर्तुगालची गादी फिलिपची नव्हती. सबब ती पुस्ती लोकांच्या आशेचा पुरावा होय, राजाच्या जीविताचा नव्हे.

गोव्याचे कागद जमविणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. १५८० पासून १६४० पर्यंतच्या ज्या पोर्तुगीज पत्रांत ‘राजा’ येतो, तो स्पेनचाच राजा होय. हा पराभव लक्षांत न घेतां तीं पत्रें वाचणारा धनी एक समजेल व हुकूम दुसऱ्याचा असेल.