फट शोधणारे

रग्बीच्या ऐंशी मिनिटांत चेंडू खरोखर खेळात असतो तो निम्म्याहून कमी वेळ. बाकीचा वेळ खांद्याला खांदा भिडवून स्क्रम बसवण्यात, कोसळलेला स्क्रम पुन्हा बसवण्यात, चेंडू बाहेर गेल्यावर तो आत फेकण्यासाठी लाइनआउटच्या रांगा लावण्यात आणि पंचांनी मोठ्या पडद्याकडे टक लावून पाहण्यात जातो. नवखा प्रेक्षक पंधरा मिनिटांत उठून चहा टाकायला जातो, आणि त्याला दोष देता येत नाही. विश्वचषकाचा इतिहासही त्याच्याच बाजूने बोलतो. दक्षिण आफ्रिकेने चार वेळा विश्वचषक जिंकला. त्यातले १९९५, २००७ आणि २०२३ हे तीन अंतिम सामने त्यांनी एकही ट्राय न करता, निव्वळ किकच्या गुणांवर मारले. ट्राय म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं. सगळा खटाटोप ज्यासाठी, तेच न करता जगज्जेते होता येत असेल, तर जिवावर उदार होऊन धावणाऱ्यांची गरज कुणाला?

गरज प्रेक्षकाला आहे, आणि कायदे करणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. १९६३ साली एडिनबरात झालेल्या स्कॉटलंड-वेल्स सामन्यात १११ लाइनआउट झाले. वेल्सचा कर्णधार क्लाइव्ह रोलंड्स चेंडू हाती आला रे आला की किक मारून मैदानाबाहेर धाडत होता. वेल्स ६-० असं जिंकलं. पैसे भरून आलेल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. पुढे स्वतःच्या गोलरेषेजवळचा पट्टा सोडून इतर कुठूनही चेंडू थेट बाहेर मारण्यावर बंधन आलं. ट्रायचे गुण १९७१ मध्ये तीनाचे चार झाले आणि १९९२ मध्ये चाराचे पाच. चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत, ही गेल्या साठ वर्षांतल्या बहुतेक बदलांमागची इच्छा आहे. ती पुरी झाली का, हा प्रश्न आहे. माझं मत असं की नियमांनी मोकळी केलेली जागा बचावाने दरवेळी भरून काढली, आणि म्हणून आज पाहण्यासारखा खेळाडू म्हणजे नुसता जोरात धावणारा नव्हे. जिथे फटच नाही तिथे ती पाडणारा.

जुन्या काळी फटी आयत्या मिळत. २७ जानेवारी १९७३ रोजी कार्डिफमध्ये बार्बेरियन्स संघाने न्यूझीलंडविरुद्ध केलेली ट्राय आजही दाखवली जाते. फिल बेनेटने आपल्याच गोलखांबांजवळ पाठमोरा चेंडू उचलला, अंगावर आलेल्यांना एकामागून एक हुलकावण्या दिल्या आणि तिथून सात जणांच्या हातांतून जात चेंडू दुसऱ्या टोकाला डाव्या कोपऱ्यात गॅरेथ एडवर्ड्सकडे पोचला. विलक्षण आहे, वादच नाही. पण आज ते चित्रण शांतपणे बघा. बचाव करणारे एकेकटे, विस्कळीत धावत येताना दिसतात; भिंत कुठेच नाही. १९८७ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्याच्या अखेरीस फ्रान्सच्या सर्ज ब्लांकोने ऑस्ट्रेलियाच्या कोपऱ्यात घेतलेली झेप, किंवा डेव्हिड कँपीसी धावता धावता मध्येच पाय ताठ फेकून बचावपटूचा ताल चुकवायचा ती चाल, हे सगळं त्याच ऐसपैस मैदानातलं वैभव आहे. १९९५ मध्ये केपटाउनला जोना लोमू इंग्लंडविरुद्ध चार ट्राय करून गेला, त्यातली एक तर माइक कॅटच्या अंगावरून. सहा फूट पाच इंचांचा विंगर तोवर कुणी पाहिलाच नव्हता.

त्याच वर्षी रग्बी युनियन व्यावसायिक झालं आणि चित्र पालटलं. तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगमधून बचावाचे प्रशिक्षक आणले गेले. फिल लार्डरने २००३ च्या विश्वविजेत्या इंग्लंडची बचावफळी बांधली, शॉन एडवर्ड्सने आधी वेल्सची आणि मग फ्रान्सची. सत्तर मीटर रुंदीच्या मैदानावर चौदा-पंधरा तगडे लोक एका रेषेत, एकाच वेळी पुढे येऊ लागले. लोमूएवढी माणसं सगळ्याच संघांत दिसू लागली. अंगावरून जाण्यातली गंमत तिथे संपली.

म्हणूनच दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेचं मोल मोठं. उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या वर. आकडे बघून संघ निवडणाऱ्यांनी त्याला पहिल्या सरावालाच घरी पाठवला असता. २०१९ च्या अंतिम सामन्यात, योकोहामाला, ७४ व्या मिनिटाला उजव्या बाजूला त्याच्या हाती चेंडू आला तेव्हा समोर इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरल होता. कोल्बेने बाहेर जाण्याचा आव आणला, आत पाऊल टाकलं, आणि फॅरलचे हात हवेत राहिले. कबड्डीतला सराईत चढाईपटू कोपरारक्षकाला जसा पायाच्या एका हालचालीने गंडवतो, तोच प्रकार. फरक एवढाच की इथे निसटून पुढे जायचं असतं. पण कोल्बेचं माझं सगळ्यात आवडतं काम पळण्याचं नाहीच. २०२३ च्या उपउपांत्य सामन्यात पॅरिसला फ्रान्सचा तोमा रामोस ट्रायनंतरची दोन गुणांची किक मारत होता. किकर पाऊल टाकायला लागला की बचावपटूने धावायला हरकत नाही, पण कुणी ते मनापासून करत नाही; औपचारिकता म्हणून चार पावलं टाकतात. कोल्बे गोलरेषेवरून सुटला तो थेट चेंडूवर आदळला आणि किक अडली. फ्रान्स तो सामना २८-२९ असा एका गुणाने हरलं. मग अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटांत पिवळं कार्ड मिळून हाच कोल्बे तोंडावर जर्सी ओढून बाहेर बसला होता.

उपउपांत्य सामन्यात हरलेल्या फ्रान्सचा कर्णधार होता अंत्वान द्युपाँ, आणि आजच्या रग्बीची चर्चा त्याच्याशिवाय होत नाही. तो स्क्रम-हाफ, म्हणजे झटापटीतून निघालेला चेंडू सर्वांत आधी ज्याच्या हाती पडतो तो. ही जागा परंपरेने पोस्टमनची. चेंडू उचला, दुसऱ्याला द्या, पुढच्या झटापटीकडे पळा. द्युपाँ तिथे उभा राहून स्वतःच निर्णय घेतो. पास देईल, दोन्हींपैकी कुठल्याही पायाने किक मारेल, नाहीतर समोरच्याने डोळे अर्ध्या क्षणासाठी भलतीकडे वळवले की त्याच वाटेने स्वतः निघेल. मूर्ती बुटकी असली तरी तो धरल्यावर पडत नाही, आणि तो पडत नाही तोवर त्याचे साथीदार येऊन पोचलेले असतात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी त्याने पंधरा जणांचं रग्बी बाजूला ठेवलं आणि सात जणांचं, म्हणजे सेव्हन्स, धरलं. अंतिम सामना फिजीशी. ऑलिंपिकमध्ये तोवर फिजी एकही सामना हरलेलं नव्हतं. मध्यंतराला ७-७. द्युपाँ उत्तरार्धात आत आला आणि लगेच डाव्या कडेने अशी मुसंडी मारली की फिजीच्या बचावाचं अंगच वाकडं झालं. तिथून आरों ग्रांदिदिए न्कानांगला ट्राय मिळाली. मग दोन त्याने स्वतः केल्या. २८-७. ज्या खेळावर दुसऱ्याचं साम्राज्य आहे तिथे काही महिन्यांच्या तयारीवर जाऊन हे करणं मला त्याच्या सगळ्या चषकांहून मोठं वाटतं. मार्च २०२५ मध्ये डब्लिनला त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तरीही फ्रान्स तो सामना आणि पुढे सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा देशांची स्पर्धाही जिंकलं, कारण लाल टोपीवाला लुई बिएल-बियारे त्या स्पर्धेत आठ ट्राय करून गेला. शंभर वर्षांपूर्वीच्या विक्रमाची बरोबरी. बिएल-बियारेचा वेग डोळ्यांना सुखावतो, पण त्याच्यापुढची मोकळी जागा बहुतेकदा दुसऱ्या कुणीतरी तयार केलेली असते. द्युपाँ ती स्वतःच तयार करतो.

द्युपाँ चुकत नाही, ही मात्र त्याची छोटीशी उणीव म्हणावी लागेल. रंगत धोक्यात असते, आणि धोका पत्करणारा सध्याचा सर्वांत मोठा कलावंत म्हणजे स्कॉटलंडचा फिन रसेल. व्यावसायिक होण्याआधी हा माणूस दगड घडवण्याचं काम शिकत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये मरीफील्डवर इंग्लंडविरुद्ध त्याने आपल्याच अर्ध्या मैदानातून एक लांबलचक पास टाकला. तो इंग्लंडच्या जोनाथन जोसेफच्या बोटांवरून गेला. जरा खाली गेला असता तर जोसेफने हवेतच पकडून एकट्याने पळत जाऊन ट्राय केली असती, आणि रसेल दुसऱ्या दिवशी गाढव ठरला असता. चेंडू ह्यू जोन्सला मिळाला, मैदान उघडलं, त्याच चढाईत शॉन मेटलंडची ट्राय झाली आणि स्कॉटलंड २५-१३ जिंकलं. पुढच्या वर्षी ट्विकनमला ०-३१ असे मागे पडलेले स्कॉटिश ३८-३८ पर्यंत आले, त्यातही चावी रसेलच्याच हाती होती. त्याचे फसलेले पास मोजायला बसलात तर यादी मोठी होईल. प्रशिक्षकांशीही त्याचं बिनसलं होतं. पण हिशेबी फ्लाय-हाफ, म्हणजे रसेलसारखे आक्रमणाची दिशा ठरवणारे, पैशाला पासरी मिळतात.

जाता जाता: स्कॉटलंड आणि इंग्लंड दरवर्षी ज्या करंडकासाठी भांडतात तो कलकत्ता कप आपल्याकडच्या चांदीचा आहे. कलकत्ता फुटबॉल क्लब १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा करंडक घडवून विलायतेला पाठवला. तीन नाग त्याच्या मुठी, झाकणावर हत्ती.

फिजीबद्दल लिहिताना समीक्षकाने हात आखडता घ्यावा, इतकं भारावून लिहिलं गेलंय. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. पकडलं गेल्यावर, पडता पडता एका हाताने मागच्याला चेंडू देणं, म्हणजे ऑफलोड, ही फिजीची मातृभाषा आहे. जेमतेम नऊ लाख वस्तीच्या या देशाने २०१६ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकल्यावर सरकारने चक्क सात डॉलरची नोट काढली. २०२३ च्या विश्वचषकात त्यांनी ऑस्ट्रेलियाला २२-१५ असं हरवलं. पण इतर देशांचे विंगर बघा: ऑस्ट्रेलियाचा मारिका कोरोइबेटे, न्यूझीलंडचे रोकोकोको, सिविवातू आणि सेवू रीस, सगळे जन्माने फिजीचे. जगाला आनंद पुरवणारा हा देश स्वतःच्या संघासाठी मात्र कायम हात चोळत बसतो. सेव्हन्स आता आपल्या अंगणातही आलं आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. खेळ समजून घ्यायला सेव्हन्स उत्तम. मैदान तेवढंच आणि माणसं निम्म्याहून कमी, त्यामुळे फटी मोठ्या. पण त्याच कारणाने त्यातली ट्राय स्वस्त पडते, हेही खरं.

आता तक्रारीचं. २०२४ च्या अखेरीपासून पंचांनी एक जुनाच नियम कडक केला. उंच किकखाली उभ्या असलेल्या आपल्या खेळाडूभोवती साथीदारांनी आडोसा करायचा नाही. हेतू चांगला, परिणाम असा की प्रत्येक संघ उंच किक मारून तिच्यामागे धावू लागला. चेंडू हवेत, खाली दोघे उडी मारणार, ज्याच्या हाताला लागेल त्याचा. ऑस्ट्रेलियाचा साडेसहा फुटांच्या आसपासचा जोसेफ सुआली हवेत जे करतो ते थरारक आहे, पण दर दोन मिनिटांनी तेच पाहायला लागलं की सोडत बघितल्यासारखं वाटतं. हे असंच वाढत गेलं तर उद्याच्या कोल्बेला पुन्हा उंचीच विचारली जाईल.

याच काळात सर्वांत रुक्ष म्हणून बदनाम झालेला संघ रंगात यावा, ही मोठी गंमत. न्यूझीलंडच्या टोनी ब्राउनला आक्रमणाचा प्रशिक्षक म्हणून घेतल्यापासून दक्षिण आफ्रिकेचा फ्लाय-हाफ साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलू स्वतःच्या गोलरेषेजवळूनही चेंडू खेळवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध त्याने एकट्याने ३७ गुण केले, त्यात तीन ट्राय. त्याच्या देशाच्या इतिहासात एका सामन्यात इतके गुण कुणी केले नव्हते. रसेलचा बेदरकारपणा आणि पाठीशी जगातली सर्वांत दांडगी फॉरवर्ड्सची फळी, असा योग क्वचित जुळून येतो.

आणि तरीही, ऐंशी मिनिटं सलग करमणूक हवी असेल तर सध्या महिलांचं रग्बी लावावं. तिथे हवेतल्या किकांचा मारा कमी आणि चेंडू हातात जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्विकनमला इंग्लंड-कॅनडा अंतिम सामना बघायला ८१,८८५ लोक आले होते. कॅनडाने आधी ट्राय करून आघाडी घेतली. मग इंग्लंडची फुलबॅक एली किल्डन मध्यरेषेजवळून सुटली. बांधलेले कुरळे केस उडतायत, एकीला आत, दुसरीला बाहेर टाकत ती थेट रेषेपलीकडे. ब्लांको-कँपीसीच्या काळातलं ते मोकळं मैदान क्षणभर परत आल्यासारखं झालं, फरक एवढाच की समोरचा बचाव शिकलेला, शिस्तीचा होता. इंग्लंड ३३-१३ जिंकलं. हरलेल्या कॅनडाची सोफी डी गुडा लाइनआउटमध्ये उड्या मारणारी लॉक, पण पास फ्लाय-हाफसारखे देते आणि गोलकिकही तीच मारते. पुरुषांमध्ये असा लॉक मला आठवत नाही. या संघाने विश्वचषकाच्या तयारीसाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली होती, हेही नोंदवून ठेवायला हवं.

पुरुषांचा पुढचा विश्वचषक ऑक्टोबर २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू होईल, प्रथमच २४ संघांचा. तोवर फेब्रुवारी-मार्चमधले सिक्स नेशन्सचे सामने हाताशी आहेत. सर्वोत्तम कोण म्हणाल तर द्युपाँ, त्यात शंका नाही. पण पदरचे पैसे मोडून तिकीट काढायचं झालं तर मी फिन रसेलचं काढीन.