काव्यास्वाद आणि मनोव्यापारांची भिन्नता : मर्ढेकरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
कविता वाचताना एका वाचकाच्या मनःचक्षूंसमोर चित्र उभे राहते, दुसऱ्याच्या मनात शब्द घुमत राहतात, तर तिसऱ्याला केवळ भाव स्पर्शून जातो. या भेदाच्या संदर्भात बा. सी. मर्ढेकरांच्या साहित्यविचाराचा परामर्श घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
साहित्याचे माध्यम शब्द नसून भावनात्मक अर्थ होय, अशी मर्ढेकरांची भूमिका 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात आढळते. त्यांची 'भावनानिष्ठ समतानता' ही संकल्पनाही दोन वस्तूंच्या रूपसाम्यापेक्षा त्यांनी जागविलेल्या भावनांच्या साम्याला महत्त्व देते. पुढे सुधीर रसाळ यांच्या 'कविता आणि प्रतिमा' (१९८२) या ग्रंथात प्रतिमा विवेचनाच्या केंद्रस्थानी आली. मात्र या दोन्ही विवेचनांचा रोख कवितेच्या स्वरूपाकडे आहे. वाचकावाचकांतील भिन्नता हा त्यांचा मुख्य विषय नव्हे.

ही भिन्नता काल्पनिक नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवण्यास सांगून अनेकांच्या मनःप्रतिमांची चौकशी केली, तेव्हा कित्येक वैज्ञानिकांना असे चित्र दिसतच नसल्याचे आढळले. अ‍ॅडम झेमन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला 'अफँटेशिया' हे नाव दिले.

या प्रकाशात मर्ढेकरांचा सिद्धांत चित्र न दिसणाऱ्या वाचकालाही सामावून घेतो, हे त्याचे बलस्थान ठरते. परंतु नादाला तो गौण स्थान देतो, ही त्याची मर्यादा होय. मर्ढेकरांची कविता मात्र ओवी-अभंगांच्या लयीत यंत्रयुगाच्या प्रतिमा मांडते आणि त्यांतून विषण्णता जागविते. म्हणजेच सिद्धांत भावनेचे एकच द्वार मान्य करतो. कविता तिन्ही द्वारे खुली ठेवते.

वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरसारख्या गावातील वर्गात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. खंजिरी भजनांच्या संस्कारात वाढलेला विद्यार्थी कविता आधी ऐकतो. 'कवीने उभे केलेले शब्दचित्र स्पष्ट करा' एवढाच प्रश्न विचारला, तर लय अचूक पकडणारा हा विद्यार्थी अरसिक ठरतो. त्याचे गुण कमी होतात आणि कविता आपल्यासाठी नाही, अशी त्याची समजूत होते.

निष्कर्ष :
विद्यार्थ्यांचे 'चित्रवाले' आणि 'शब्दवाले' असे कप्पे पाडावेत, असे येथे सुचवायचे नाही. एकाच वाचकात हे व्यापार कमीअधिक प्रमाणात एकत्र नांदतात. तथापि, रसिकतेची कसोटी एकाच व्यापारावर बेतणे अन्यायकारक आहे. मर्ढेकरांच्या सिद्धांताइतकेच त्यांच्या कवितेलाही प्रमाण मानल्यास अध्यापन व मूल्यमापन या दोहोंची कक्षा विस्तारेल, असे वाटते.