मुरलेलं पान

डबा उघडला की पहिल्यांदा आठवते ती अळूवडी. तळायच्या आधीची. उंडा वाफवून निवला आहे आणि कुणा सुगरणीनं धारदार सुरीनं त्याच्या पातळ चकत्या पाडून एकीला एक टेकून मांडल्या आहेत. रंगही जवळपास तोच, तपकिरी, मधेच काळपट, कडेला विटकरी. चकतीवर आतून बाहेर फिरत गेलेली वळणंही तीच. पानं मात्र तंबाखूची. चकती रुपयाच्या नाण्याएवढी, आणि नावही नाण्याचंच : 'एस्कुदो'. पोर्तुगालचं हे नाणं गोव्यातही १९५८ ते १९६१ अशी शेवटची काही वर्षं चाललं. तिथल्या जुन्या माणसांना ते हाताळल्याचं आठवत असेल. तंबाखूचा हा प्रकार मूळचा लिव्हरपूलच्या कोप ब्रदर्सचा. पानांचा दोर वळायचा, दाबायचा, मुरवायचा आणि मग कापायचा. पानं सुटी चिरून मिसळली असती तर काम लवकर झालं असतं. पण मग प्रत्येक चकतीत प्रत्येक पानाचा वाटा असा नेमका उतरला नसता. अळूवडी करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पाइप ओढायला लागून मला पाच वर्षं झाली. या नादात पाच वर्षं म्हणजे बालवर्गच. माझं वय छप्पन्न असूनही तीस-चाळीस वर्षं ओढणारी मंडळी मला अजून नवा मुलगा समजतात. या पाच वर्षांत माझ्या जिभेनं दोन बिऱ्हाडं केली आणि सोडली. ती या चकतीपाशी का थांबली हे सांगायचं तर आधीची बिऱ्हाडं दाखवायला हवीत.

पहिलं चेरीचं. नवख्याच्या हातात हमखास पडते ती सुगंधी तंबाखू : चेरी, व्हॅनिला, रम, चॉकलेट. घरभर घमघमाट. बायको म्हणाली, "बेकरीत बसल्यासारखं वाटतंय. रोज ओढलास तरी चालेल." इथेच ग्यानबाची मेख होती. वास सगळ्या घराला येत होता, चव मात्र मला येत नव्हती. या मिश्रणांत बऱ्याचदा बर्ली जातीचं पान असतं. तिचा पांढरा वाण १८६४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत हाती लागला. हे पान हवेशीर खोपटात कित्येक आठवडे टांगून वाळवतात, आणि सावकाश वाळता वाळता ते आपल्या अंगातली साखर खाऊन टाकतं. उरतं ते कोरडं, सच्छिद्र, तहानलेलं. भाकरी कालवण पिते तसं ते वरून घातलेला पाक पितं. आपल्याकडे गुडगुडीच्या तंबाखूत गूळ कालवतात, त्याच जातीची ही युक्ती. पाकामुळे पान ओलसर राहतं, ओलसर पानाची वाफ होते, आणि नवखा घाईघाईनं झुरके घेत जीभ पोळून घेतो. तरी या कारागिरीला नाक मुरडू नये. गोडवा खरं तर जिभेवर नसतोच. नाक सुगंध घेतं आणि जिभेला गोड लागल्याचा भास होतो. शिवाय शेजारी बसलेल्याची इतकी काळजी घेणारं दुसरं मिश्रण मला ठाऊक नाही.

दुसरं बिऱ्हाड धुराचं. आल्फ्रेड डनहिलनं १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं. गिऱ्हाइकानं आवड सांगायची, त्याच्यापुरतं मिश्रण बेतलं जायचं आणि वहीत त्याला क्रमांक मिळायचा. शिंप्याच्या मापाच्या वहीसारखीच ती वही. 'माय मिक्स्चर ९६५' हे नाव त्या वहीतून आलं. डनहिलनं २०१८ मध्ये पाइपची तंबाखू सोडली. आता हे मिश्रण पीटरसनच्या नावानं मिळतं. यातलं मुख्य पात्र लटाकिया. नाव सीरियातल्या बंदराचं, पान आता मुख्यतः सायप्रसचं. उन्हात वाळलेली पानं आढ्याला टांगून खाली लाकडं आणि सुगंधी झुडपं धुमसत ठेवतात, कोळशासारखी काळी पडेपर्यंत. डबा उघडल्यावर आधी चामडं, मग डांबर, मग हुरड्याच्या आगटीशी रात्रभर बसलेल्या घोंगडीचा वास. पेटवल्यावर आतून आवाज आला, "चप्पल जळतेय का कुठे?"

मला त्या वासानं वेड लावलं. पहिले तीन-चार पाइप मी नुसता धूर चाखला. मग एकदा लक्षात आलं की या मिश्रणातली खरी गंमत लटाकिया बाजूला सरते त्या क्षणात आहे. मधेच धुराचा पडदा हलतो आणि मागे उभं असलेलं चिमुकलं पौर्वात्य पान दिसतं, तुर्कस्तान-ग्रीसकडचं, उन्हात वाळवलेलं, आंबटसर, जुन्या पेटीतल्या चंदनासारखं. त्याच्याही खाली तपकिरी कॅव्हेंडिशचा मंद गोडवा, या दोघांची भांडणं सोडवत बसलेला. लटाकियाला जाणकार मसाल्याचं पान म्हणतात. गोड्या मसाल्यातलं दगडफूल घ्या : हातात धरलं तर शेवाळ आणि धूर, पण आमटीत ते ओळखू येत नाही आणि नसलं तर आमटी पोरकी लागते. ९६५ बेतणाऱ्याला ही मात्रा कळली होती. मला मात्र कळली नव्हती. मी अधिकाधिक लटाकिया असलेली मिश्रणं शोधत गेलो, आणि एका पावसाळ्यात जीभ कंटाळली. नुसत्या दगडफुलाची आमटी किती दिवस जेवणार?

चकतीकडे वळण्याआधी एका हकिमाची आठवण काढतो. असद बेग हा मोगल वकील विजापूरच्या आदिलशाहीतून तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन अकबराकडे गेला. हकिमानं बादशहाला अडवलं. बादशहानं तरी थोडे झुरके घेतलेच. हकीम बरोबर होता. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडात खेळवून सोडतात. पण त्यामुळे जीभ, ओठ, घसा यांच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. मी आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी गच्चीवर ओढतो, आणि तेवढंही निर्दोष आहे असा माझा दावा नाही. ज्यानं सुरू केलेलं नाही त्यानं हा लेख वाचून सुरू करू नये.

आता न पेटवता चकती नाकाशी धरा. पहिला वास सुक्या गवताचा, मळणीनंतरच्या गंजीचा. तो व्हर्जिनिया पानाचा. हे पान बंद खोलीत वाळवतात. भट्टीतली उष्णता लोखंडी नळांतून आत फिरते आणि धूर पानाला शिवत नाही. आधी मंद ऊब. तिच्यात पान पिवळं पडतं आणि त्यातल्या पिष्टाची साखर होते. मग नेमक्या क्षणी आच वाढवायची, म्हणजे ती साखर खर्च व्हायच्या आत पान वाळतं आणि साखर तिथेच अडकते. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे ज्या नजरेनं गुऱ्हाळावरचा गुळव्या ठरवतो, तीच नजर इथे लागते. असं सांगतात की ही जाण १८३९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एका डुलकीतून आली. अबिशा स्लेडच्या शेतावरचा स्टीफन हा गुलाम राखण करता करता पेंगला, विस्तव विझत आला, आणि त्यानं घाईघाईनं लोहारकामाचा कोळसा आणून टाकला. त्या उसळलेल्या आचेनं पानं झळझळीत पिवळी निघाली. भाव मालकाला मिळाला. बर्ली वाळताना साखर खाते आणि व्हर्जिनिया ती राखून ठेवते, एवढं समजल्यावर चेरीच्या डब्यातला गोडवा आणि या चकतीतला गोडवा यांत मी पुन्हा गफलत केली नाही. एक वरून आलेला, एक आतला.

गवताच्या मागे दुसरा वास उभा असतो : मनुका, अंजीर, आणि त्याच्याही मागे सिरक्याचा बारीक डंख. हा पेरिक. अमेरिकेत लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठी सेंट जेम्स पॅरिश नावाचा छोटासा भाग आहे; अस्सल पेरिक तिथला. मूळची रीत तिथल्या चॉक्टॉ लोकांची असल्याचं सांगतात. किंचित ओलसर पानाची शीर काढतात, पिळे वळतात, व्हिस्कीच्या जुन्या ओक पिंपात ठासतात आणि वरून स्क्रूच्या जॅकनं दाब देतात. पान स्वतःच्याच रसात बुडतं आणि आंबतं. मधून मधून पिंप उकलून पानं हवेवर धरायची, उलथीपालथी करून पुन्हा दाबायची. असं वर्षभर. बाहेरून ना मीठ, ना मसाला, ना पाकाचा थेंब. लोणच्याच्या बरणीवर दगड ठेवणाऱ्या आजीला ही क्रिया ओळखीची वाटली असती. तेलाशिवाय कसं टिकतं, एवढंच तिनं विचारलं असतं.

नुसता पेरिक सहसा कुणी ओढत नाही, फार तिखट. एस्कुदोत तो बेतानं आहे, आणि तो बेत किती बारीक आहे हे कळायला मला केंडलचा एक डबा उपयोगी पडला. इंग्लंडमधल्या केंडल गावी १७९२ पासून चालत आलेल्या सॅम्युएल गॉविथचा 'फुल व्हर्जिनिया फ्लेक' ही दाबून पट्ट्या कापलेली तंबाखू, सगळी व्हर्जिनियाची. सुरेख आहे. वरणभात, तूप, लिंबू. पण पानाच्या डाव्या बाजूला काहीतरी हवं होतं असं राहून राहून वाटतं. ते एस्कुदोत आहे. लोणच्याची फोड वरणाला झाकत नाही, वरणाची चव वर काढते. पेरिकही व्हर्जिनियाला हेच करतो.

हाताचं काम छोटं आहे, पण चुकतं इथेच. चकत्या ओलसर असतात, थोड्या सुकवाव्या लागतात. जानेवारीत वर्तमानपत्रावर वीस मिनिटं पुरतात. जुलैत आमच्या पार्ल्यात चार तास ठेवल्या तरी दमटच, तेव्हा त्या महिन्यात मी हा डबा काढतच नाही. मग चकती मळायची. तळहात आणि अंगठा, आपल्याकडचा चुना-तंबाखू मळणारा जसा मळतो तसाच, फक्त दाब हलका. मी सगळ्या मळत नाही. तळाशी एक अख्खी, दुमडून, वर अर्धवट मोकळी केलेली, तोंडाशी चुरा. चुरा चटकन पेट घेतो आणि अख्खी चकती शेवटपर्यंत धुमसत राहते.

पहिली पेटवण खोटी. पान उसळून वर येतं, त्याला हलकेच दाबून बसवायचं आणि मग खरी काडी. सुरुवातीला व्हर्जिनियाच बोलते, लिंबाच्या सालीसारखी, उजळ. थोडासा धूर नाकावाटे सोडला तर तपकिरीच्या चिमटीसारखी झिणझिणी. तो पेरिक आपली हजेरी लावतो. इथे घाई केली तर संपलं. साखरेचं पान तापलं की चावतं. पाइपची वाटी गालाला लावून पाहावी. सोसवत नसेल तर वेग जास्त. माझा हिशेब सोपा आहे, दोन झुरक्यांमध्ये पुस्तकाची अर्धी ओळ नव्हे, अर्धं पान व्हावं. विझला तर विझू द्यावा.

मधल्या टप्प्यात वीस-एक मिनिटं अशी येतात की त्यांच्यासाठी बाकीचं सगळं माफ. उजळपणा उतरतो. फुगलेल्या पोळीच्या करपलेल्या पापुद्र्याचा खमंग वास येतो, मागून अंजीर, आणि गिळताना घशाशी मिरी. हे तिन्ही एकदम येत नाहीत, एकामागून एक येतात, आणि त्यांचा क्रम दर झुरक्याला थोडा बदलतो. दोराला दिलेल्या पिळाचं फळ ते बहुधा हेच : चकती जळत जाते तशी कधी या पानाची कड पेटते, कधी त्या. शेवटी काळी मनुका उरते, थोडी कडू, आणि वाटीत करडी, भुरभुरीत राख. तळाशी ओला चोथा राहिला तर दोष आपल्या सुकवण्याचा. एक खबरदारी : हे पान अंगावर येतं. उपाशीपोटी ओढलं तर गच्ची फिरते.

दोषही आहे. नवा डबा कच्चा असतो. सिरका पुढे, गोडवा मागे, दोघं एका घरात राहून न बोलणारे. मी एकाच दिवशी दोन डबे घेतले होते. एक लगेच उघडला, एक चार वर्षांनी. दुसऱ्यातल्या चकत्या काळ्याभोर झाल्या होत्या. वळणं डोळ्यांना अजून दिसत होती, जिभेला लागत नव्हती. कुठे व्हर्जिनिया संपते आणि कुठे पेरिक सुरू होतो हे सांगता येईना. माझ्या मते पाइपच्या तंबाखूत यापुढे जाता येत नाही. निदान पाच वर्षांच्या जिभेला तरी नाही.

फडताळात आता एस्कुदोचे तीन बंद डबे आहेत, तळाला पेन्सिलीनं तारखा टाकलेले. त्यांच्या शेजारी चेरीचा एक डबाही आहे. गच्चीवर पाहुणे आले की मी तोच काढतो.