घरची शाळा आणि फादर स्टीफन्स यांचे पुराण

गेल्या वर्षी देवळाली प्रवरेतील एका कुटुंबात आम्हांस एक प्रश्न विचारण्यात आला. घरातले मूल चार वर्षांचे. “फादर, इतक्यात शाळेत न घालता याला घरीच शिकविले तर?” असे आईवडील विचारीत होते. कोपऱ्यात बसलेली आजी मात्र हळूच म्हणाली, “शिकवाल, पण काय शिकवाल? आम्हांला जपमाळेपलीकडे काय येते?” आजींच्या या शंकेने आम्हांस ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा हाती घ्यावयास लावले.

येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत मुख्यत्वे साष्टी भागात राबले. त्यांचे पुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात आहे. एका इंग्रजाने मराठीची केलेली ही सेवा पाहून आमचे समीक्षक भारावतात, आणि ते योग्यच आहे. परंतु हा ग्रंथ कोणासाठी लिहिला गेला, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडतो.

उत्तर ग्रंथारंभीच आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विनवितो की, आमची जुनी पुराणे तर आता सुटली, त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस काही द्या. ही मागणी प्रौढ गृहस्थाची आहे. धर्म स्वीकारला, पण संध्याकाळी घरात सांगावयास कथा उरली नाही, हे त्याचे दुःख. देवळालीच्या आजींचे दुःख याहून फारसे वेगळे नाही.

स्टीफन्स यांनी आणखी एक पुस्तक लिहिले. ते कोकणी भाषेतील धर्मशिक्षणाचे, प्रश्नोत्तररूप पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापले गेले. ही दोन पुस्तके एकत्र ठेवून पाहावीत, असे आमचे मत आहे. प्रश्नोत्तरे पाठ करण्यासाठी, तर पुराण मुक्काम करण्यासाठी. आमच्या धर्मग्रामांनी पहिल्या पुस्तकाचा वारसा रविवारच्या वर्गात इमानाने चालविला. दुसऱ्याचा मात्र सोडून दिला. त्यामुळे मुलाला उत्तरे येतात, पण ती ज्या कथेतून उगवली ती कथा त्याने घरात ऐकलेली नसते.

पुराणाची खरी ताकद त्याच्या ओवीत आहे. ओवी डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानाने ऐकण्याची, जात्यावर आणि पाळण्याशी म्हणण्याची. ज्या प्रवरेचे नाव आमचे गाव लावते, तिच्याच काठी नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. स्टीफन्स यांनी तोच छंद उचलला आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यासही ते कचरले नाहीत. ऐकणाऱ्याच्या घरात जे शब्द होते, त्याच शब्दांत शिकवावे, ही त्यांची दृष्टी.

दोषही सांगितले पाहिजेत. ग्रंथ अफाट आहे. कथा रंगात आली असता उपदेश लांबतो. जुनी मराठी आणि तीत मिसळलेले कोकणी शब्द आजच्या वाचकाला अडवितात. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी व १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांनी देवनागरी आवृत्त्या सिद्ध केल्या, तरी चार वर्षांच्या मुलापुढे तो ठेवता येणार नाही. तो मोठ्यांनी वाचावा आणि आपल्या शब्दांत मुलास सांगावा. ग्रंथाची रचनाही हेच सुचविते.

इतिहासाचीही तशीच साक्ष आहे. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. पुराणाच्या सतराव्या शतकातील तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरीही ग्रंथ वाचला, कारण लोकांनी तो हाताने उतरून घेतला. मंगळूरकडील कॅथॉलिक कुटुंबांनी जपलेल्या अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ ची आवृत्ती निघाली. छापखान्याने जे गमावले ते घरांनी राखले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले. हा मान म्हणजे शाळेशी वैर नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क गरिबाच्या मुलाला फार मोलाचा आहे. म्हणून आम्ही त्या कुटुंबाला सांगितले की, तूर्त घरी ठेवा, वेळ आली की शाळेत घाला. मात्र दोन्ही वेळी घरातली कथा थांबवू नका. मुलाची तयारी करण्याआधी आपली करा.

आजी आता जपमाळेनंतर रोज एक गोष्ट सांगतात. मध्यंतरी नातवाने विचारले, बाळ येशूच्या गोठ्यात शेळी होती का? आजींनी तो प्रश्न आमच्याकडे पाठविला आहे. उत्तर आम्हांसही शोधावे लागत आहे.