बाहुली : कलाकृती आणि गणिताचे साधन

मराठी घरातील ठकी, भातुकलीतील बाहुला-बाहुली आणि पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्या यांतून बाहुलीची एक समृद्ध परंपरा आपल्याकडे नांदत आली आहे. अलीकडे बाहुलीचा विचार शैक्षणिक साधन म्हणूनही होऊ लागला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळातून शिक्षणावर भर दिला आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘जादुई पिटारा’ या संचात खेळण्यांबरोबर बाहुल्यांनाही स्थान मिळाले. हे स्वागतार्ह असले, तरी गणिताच्या तासाला बाहुली नेमके काय साधते, याची चिकित्सा आवश्यक आहे.

पुष्कळदा बाहुल्या ओळीने मांडून केवळ मोजल्या जातात. तेवढ्यासाठी चिंचोकेही पुरेसे आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तूंवरच भर दिला होता. मग चिंचोक्यात नसलेले असे बाहुलीत काय आहे? त्याचे उत्तर तिच्या घडणीत, म्हणजेच तिच्या कलेत आहे.

लेथवर कातलेली लाकडी बाहुली पाहावी. रंगकामापूर्वी ती आपल्या अक्षाभोवती कशीही फिरवली तरी सारखीच दिसते. कारागिराने डोळे, नाक, ओठ रेखले की ही परिभ्रमण सममिती संपते आणि केवळ डाव्या-उजव्या बाजूंची आरशासारखी सममिती उरते. ज्या क्षणी लाकडाची बाहुली होते, त्याच क्षणी तिचे गणितही बदलते.

दुसरे उदाहरण रशियातील मात्र्योश्काचे. १८९० च्या दशकात चित्रकार सर्गेई माल्युतिन आणि कातारी वासिली झ्व्योझ्दोच्किन यांनी एकात एक बसणाऱ्या आठ बाहुल्यांचा पहिला संच घडविला. सर्वांत मोठी मुलगी, तर सर्वांत लहान दुपट्यात गुंडाळलेले बाळ. मधली प्रत्येक बाहुली एकीपेक्षा लहान आणि दुसरीपेक्षा मोठी असते. ‘लहान’ व ‘मोठे’ हे वस्तूचे गुण नसून दोन वस्तूंमधील संबंध आहेत, ही अवघड कल्पना कुटुंबाच्या रूपामुळे बालकाला सहज उमगते.

काष्टीसारख्या, जनावरांच्या बाजारासाठी परिचित असलेल्या गावात अशा बाहुल्या सहज मिळणार नाहीत. परंतु पोळ्याला मातीचे बैल घडविणारे हात तेथे आहेत. विद्यार्थ्यांनी मातीची एक भरीव बाहुली करावी. नंतर तीच माती मळून, प्रत्येक माप निम्मे ठेवून, त्याच आकाराच्या लहान बाहुल्या कराव्यात. किती होतील, असे विचारल्यास बहुतेकांचे उत्तर ‘दोन’ असेल. प्रत्यक्षात आठ होतात, कारण लांबी, रुंदी व उंची तिन्ही निम्म्या झाल्याने घनफळ एक-अष्टमांश होते. हाताने केलेले काम तंतोतंत जुळणार नाही, सात किंवा नऊही भरतील. मात्र ही तफावत का पडली, हे मोजून शोधणे हाही गणिताचाच भाग होय.

यावरून असे दिसते की, बाहुलीतील कला वजा केली तर तिच्यातील गणितही उणे होते. तयार प्लॅस्टिकच्या बाहुल्या वाटून उपक्रम पूर्ण झाल्याची नोंद होईल. परंतु प्रमाण, सममिती आणि घनफळ यांचा अनुभव बाहुली घडविणाऱ्यालाच येतो. म्हणून कलेचा तास आणि गणिताचा तास यांना जोडणे, हाच बाहुलीचा खरा शैक्षणिक उपयोग ठरतो.