गोळीबारानंतरचा चौक

दिमित्री शोस्ताकोविच यांच्या अकराव्या सिंफनीत गोळीबार होतो तो दुसऱ्या भागात. पण अंगावर काटा येतो तो बंदुका थांबल्यावर.

सिंफनीचा विषय आहे जुन्या रशियन कालगणनेनुसार 9 जानेवारी 1905 चा रविवार. सेंट पीटर्सबर्गचे कामगार बायकामुलांसह, झारच्या तसबिरी हातात धरून, त्यालाच अर्ज द्यायला निघाले होते. झार राजवाड्यात नव्हताच. सैनिकांनी त्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. शोस्ताकोविच त्याच शहरात पुढच्या वर्षी जन्मले. ही रचना 1957 ची.

पहिल्या भागात काहीच घडत नाही. राजवाड्यासमोरचा गोठलेला चौक तेवढा दिसतो. तंतुवाद्यं षड्ज-पंचमाचे उघडेबोडके सूर धरून राहतात, खाली टिंपनी तीन-तीन ठोक्यांनी पुटपुटते, लांबून ट्रंपेट येतो. बासरीवर कैद्यांचं एक जुनं गाणं उमटतं आणि विरतं. हा भाग लांबलेला वाटतो, पण तो तसाच हवा. चौक अंगात भिनल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दुसऱ्या भागात गर्दी येते, विनवते, चिडते, दमते. मग अचानक साईड ड्रम कडाडतो. चेलो आणि डबल बास खालून धावत सुटतात, त्यांच्या मागे सगळा वाद्यवृंद. शेवटी सुरावट उरतच नाही, उरतो नुसता आघात. टिंपनीचे ते पुटपुटणारे तीन ठोके आता फैरी झाल्या आहेत. आणि कुणी सुरीने कापावं तसं सगळं तुटतं. पुन्हा तोच चौक! सूर तेच, पण आता तंतुवाद्यं ते कंपित वाजवतात, सोबत सेलेस्टाची थंडगार किणकिण. ‘पडद्याविना सिनेसंगीत’ असा या सिंफनीवर शेरा मारला गेला. मला तो अन्यायाचा वाटतो. तीच जागा, तोच प्रकाश, तरी काहीच पूर्वीसारखं नाही, हे कुठला कॅमेरा इतक्या थोडक्यात दाखवेल?

तिसऱ्या भागात चेलो-बासच्या छेडलेल्या तारांवर व्हिओला क्रांतिकारकांच्या अंत्ययात्रेचं गाणं गातात. शोक इथे मोकळा होतो, पण चौथा भाग त्याला शांतवत नाही. अखेरीस घंटा घणघणतात आणि कोमल गंधार की शुद्ध गंधार हा झगडा मिटतच नाही. काही संचालक वाद्यवृंद थांबल्यावरही घंटांचा नाद तसाच घुमू देतात. माझ्या मते तेच योग्य.

चारही भाग न थांबता वाजतात, जवळजवळ तासभर. एका बैठकीत ऐकावेत. नुसता गोळीबाराचा तुकडा काढून ऐकला, तर हाती फक्त आवाज लागतो.